लोण्याची बशी

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, जुन्या जाळ्यांच्या गोदामात
शनिवारी दहाला कॉलिन ब्लँचर्ड कुलूप काढतो.
आत थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त.
भिंतीशी दान आलेले कॉम्प्युटर रचलेले:
बंद पडलेल्या शाळेचे, दातांच्या डॉक्टरचे,
आणि सहा मासळी-लिलावाच्या कचेरीतले.
हे सहा उघडले की अजून हॅडॉकचा वास येतो.
कॉलिन नाक मुरडतो. मी नाही. मी देवगडचा.

कॉलिन तरुणपणी ट्रॉलरवर रेडिओ ऑपरेटर होता.
उत्तरेच्या पाण्यात रात्र रात्र कानाला खरखर लावून
तिच्यातून माणसाचा आवाज वेचायचा.
"हेही तेच काम," म्हणतो,
"फक्त आता खरखर घराबाहेर ठेवायची."

मी स्क्रू काढतो. पंख्यातली धूळ फुंकतो,
पांढरी आहे, शाळेतली असेल.
एका डब्याच्या कुशीला स्टिकर: 'टोबी, इयत्ता दुसरी'.
तो मी नखाने खरवडत नाही.
डिस्क मात्र पुसायची, आणि न बघता पुसायची,
आमचा तेवढाच एक धर्म.
मग दुसरं नेटवर्क कार्ड. लाल टेप: बाहेर. हिरवी: आत.
दोन्हींच्या मधे हा डबा, वेशीवर बसवल्यासारखा.

नियम दोनच.
पहिला: कुणालाही सोडू नकोस.
दुसरा: घरातून कुणी साद घातली असेल
तर तिला आलेलं उत्तर तेवढं आत घे.
लिहिताना आठवतो वाडीच्या हद्दीवरचा दगड,
शेंदूर नाही, डोळे नाहीत, नुसती जागा.
वडील नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे,
बाहेरचं काय वाकडंतिकडं येत असेल
तर बाहेरच्या बाहेर परतव, म्हाराजा.
आणि मागून आम्ही पोरं: व्हय म्हाराजा!
इथे मी एंटर दाबतो.
पंखा घरघरतो. तेच उत्तर समजायचं.

गेल्या गुरुवारी हॅडॉकवाल्यांतला एक घेऊन
मॉरीन टास्करकडे गेलो. वय एक्याऐंशी.
बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला होता, नऊशे पौंड गेले.
हा डबा त्यावरचा इलाज नाही, मी दोनदा सांगितलं.
"ठाऊक आहे," म्हणाली, "पण काहीतरी लाव."

वायरी जोडल्या. दाखवायला मॉनिटर लावला.
ओळी सरकू लागल्या, एकीवर एक,
प्रत्येक ओळ म्हणजे बाहेरून दारावर एक थाप
आणि शेवटी तोच तो शब्द: नाकारलं.
पाऊण तासात दोनशे बारा.
चष्मा पुसून ती वाचत बसली.
"हे सगळे माझ्याकडे येऊ बघतायत?"
माणसं नाहीत, म्हटलं, यंत्रं आहेत,
जगभरची दारं चाचपत फिरतात, घर कुणाचं ते न बघता.
"असू देत," ती म्हणाली. "नाताळपासून
माझी बेल फक्त गॅसच्या माणसाने वाजवलीय."

मॉनिटर परत न्यायचा असतो. आमच्याकडे चांगला तो एकच.
मी तिथेच ठेवला. कॉलिनला सांगितलं, जळला.
त्याने जरा वेळ ऐकल्यासारखं केलं,
मग वहीत लिहिलं: जळला.

काल पुन्हा गेलो. वायर सैल असेल म्हणून.
सैल नव्हती.
स्वयंपाकघरात भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी
तिने पेन्सिलीने रोजचे आकडे मांडलेत,
रविवारी कमी होते, तर तिला चुकल्यासारखं झालं.
आणि डब्यावर, पत्रा जिथे कोमट लागतो तिथे,
लोण्याची बशी.
"इथे छान मऊ राहतं," म्हणाली.

मला हसू आलं. का, ते इंग्रजीत सांगता येईना.
आमच्याकडे कोंबडा लागतो, एवढंच मनात म्हटलं,
आणि सुरी घेऊन टोस्टला लावलं.
पडद्यावर एक ओळ सरकली.
वास अजून होता थोडा.